बाबांच्या बाईकची बॅटरी पार सुकलीये, पाणी भरू, ॲसिड भरू की सरळ नवीन घेऊ?

लष्करचा_पोरगा

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितोय, जीवाजीगंज. बाबांची जुनी दीडशे सीसी बाईक आहे, कार्बोरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. मागच्या दिवाळीनंतर गुडघ्यांमुळे बाबांनी चालवणं सोडलं आणि तेव्हापासून ती अंगणात पत्र्याच्या शेडखाली कव्हर घालून उभी आहे. मी आता सुट्टीत घरी आलोय तर म्हटलं चालू करून बघू, या उन्हात बाड्यापर्यंत, म्हणजे इथल्या मुख्य बाजारापर्यंत, पायी कोण जाणार. चावी फिरवली तर न्यूट्रलचा हिरवा दिवासुद्धा लागला नाही, हॉर्न तर लांबची गोष्ट.

साइड पॅनेल काढून बॅटरी बाहेर घेतली. पांढरट डब्बा, वर सहा झाकणं, कडेला अपर-लोअर अशा दोन रेघा, लेबलवर 12 व्होल्ट 9 एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता). पाणी लोअरच्याही खूप खाली आहे, आणि टॉर्च मारून आत बघितलं तर दोन-तीन खणांत प्लेटांची वरची टोकं चक्क उघडी पडलीत, त्यांच्यावर पांढुरका थर दिसतोय. एका टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी जमलीये. मल्टीमीटर लावला तर 7.4 व्होल्ट.

आता सल्ले असे मिळालेत. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो "ॲसिड डलवा लो भैया, जान आ जाएगी". शेजारचे काका म्हणतात आरओचं पाणी घाल, सगळे तेच घालतात. आणि यूट्यूबवर एक जण एप्सम सॉल्ट गरम पाण्यात विरघळवून ओततोय आणि खाली शेकडो लोक त्याला थँक यू म्हणून राहिलेत. बाबा म्हणतात फेकून दे आणि नवीन आण, पण मला जरा हात घालून बघायचंय, शिकायला म्हणून. नक्की काय करू?

इंदूरी_जिलबी

भाऊ नवीन टाक. प्लेट उघडी पडली की बॅटरीचं आयुष्य संपलं समज, वर 7 व्होल्ट म्हणजे तर देवाघरी गेलीये. चार-पाच वर्षं जुनी असेल तर एवढा खटाटोप कशाला, दुकानात जुनी दिली की तिचे थोडे पैसेही कापून देतात. पोहे खा, सावलीत बस.

हायड्रोमीटरवाले_काका

जिलबी, नवीन तर शेवटी आहेच रे, पण पोराला शिकायचंय तर शिकू दे. लष्कर, मी पण ग्वाल्हेरचाच, मोरारकडचा. बॅटऱ्या भरण्या-चार्ज करण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून जरा लांब लिहितो, वाचून घे.

सगळ्यात आधी मिस्त्रीबुवांचं. ॲसिड अजिबात घालायचं नाही. बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड उडत नाही. चार्ज होताना जे बुडबुडे येतात ते पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन जाणारे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाफ होऊन थोडं जातं ते वेगळं. गंधकाचं ॲसिड मागे राहतं. मग तू म्हणशील आता आत तर काहीच दिसत नाही, ॲसिड गेलं कुठे? तर बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट प्लेटांत जाऊन बसतो, शिशाचा सल्फेट होतो, तुला दिसतोय तो पांढुरका थर बहुतेक तोच आहे. चार्ज केलीस की तो प्लेटांतून सुटून परत पाण्यात येतो आणि ॲसिड होतं. आता अशा बॅटरीत वरून आणखी ॲसिड ओतलं तर चार्ज झाल्यावर आतलं आणि ओतलेलं मिळून इतकं जळजळीत होतं की प्लेटाच खाऊन टाकतं. मिस्त्री म्हणतो ती "जान" येते खरी, दोन-चार दिवस सेल्फ फटाफट लागतो, मग बॅटरी कायमची जाते आणि तोवर तू त्याला पैसे देऊन मोकळा झालेला असतोस. ॲसिड भरतात ते फक्त कोरी, ड्राय चार्ज्ड बॅटरी पहिल्यांदा भरताना, नाहीतर गाडी आडवी पडून ॲसिड सांडलं असेल तर.

आरओचं पाणी पण नको. आरओमध्ये क्षार कमी होतात, संपत नाहीत, आणि बरेच लोक चवीसाठी ते टीडीएस ॲडजस्टरने मुद्दाम थोडे वाढवूनही ठेवतात. क्लोराइड आणि लोखंड हे दोन बॅटरीचे खास दुश्मन, थोडे थोडे जमत राहतात, कारण पाणी उडतं आणि ते मागे राहतात. तिघरा धरणाचं नळाचं पाणी असो की बोअरचं, दोन्ही बाद. डिस्टिल्ड वॉटरची बाटली कुठल्याही बॅटरीवाल्याकडे, पेट्रोल पंपावर सुद्धा मिळते, किंमत अगदी मामुली आहे, उगाच कंजूसी करू नकोस.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याने पाण्यात मीठ वाढतं, म्हणून हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचा घनपणा (ग्रॅव्हिटी) मोजायची नळी, आकडा जरा वर दाखवतो आणि लोक खूश होतात, पण प्लेटेवरचा कडक सल्फेट त्याने विरघळत नाही. थँक यू म्हणणाऱ्यांनी महिन्याभराने परत येऊन काय लिहिलंय ते बघ, बहुतेक काहीच लिहिलेलं नसतं.

आता करायचं काय. बॅटरी गाडीतून काढलीच आहेस ते बरं केलंस, चार्जिंग गाडीत ठेवून करू नको. पुढच्या वेळी काढताना मायनस आधी आणि लावताना प्लस आधी, नाहीतर पाना प्लसवर असताना चेसिसला टेकला की ठिणगी. बाहेरून झाकणं बंद ठेवून ती भुकटी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुवून काढ, सोडा आत एक थेंब जाता कामा नये, आत गेला तर ॲसिड मरतं. मग झाकणं उघड आणि प्रत्येक खणात डिस्टिल्ड वॉटर घाल, पण अपर रेघेपर्यंत नाही! फक्त प्लेटा बुडून त्यांच्या जरा वर येईल इतकंच. चार्ज होताना लेव्हल वर चढते, आधीच काठोकाठ भरलंस तर ॲसिड उतू जाऊन टेबलाची वाट लागेल. प्लास्टिकची सिरिंज घे म्हणजे मोजून जातं. भरल्यावर काही तास तशीच राहू दे, प्लेटा कोरड्या आहेत, पाणी पितील, लेव्हल खाली गेली तर परत थोडं.

चार्जिंग हळू करायचं. साधा हिशोब एएचचा दहावा भाग, म्हणजे 9 एएचला 0.9 अँपियर. पण तुझी सुकलेली आहे, सल्फेट कडक झालेला आहे, म्हणून मी म्हणेन अर्धाच ठेव, 0.4-0.5, आणि वेळ जास्त दे. चांगली बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर 0.9 ने बारा-तेरा तास लागतात, तुझ्या या केसमध्ये पूर्ण दिवस-रात्र किंवा त्याहून जास्त धर. झालं कधी म्हणायचं? सगळ्या सहा खणांत सारखे बुडबुडे यायला लागले आणि तासातासाने घेतलेलं ग्रॅव्हिटीचं रीडिंग सलग तीनदा तेच आलं की झालं. त्यानंतर बंद करून मग अपर रेघेपर्यंत पाणी.

आणि एक, हे सगळं नौतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) दुपारी गच्चीवर करू नकोस. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली, 50 डिग्रीच्या आसपास, तर थांबवायचं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ती काही न करताच तिथवर पोचते. संध्याकाळी लाव, रात्रभर चालू दे, पण बंद खोलीत नाही, व्हरांड्यात. निघतो तो हायड्रोजन आहे, हवेत 4 टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. झाकणं सैल ठेवायची, आसपास बिडी, अगरबत्ती काही नाही, आणि चार्जरचे चिमटे लावताना-काढताना चार्जरचा स्विच बंद पाहिजे.

किल्ल्याखालची

काकांनी सगळं सांगितलं पण कपड्यांचं राहिलं 😄 जुना फाटका शर्ट घाल, कॉटनवर ॲसिडचा थेंब पडला की आत्ता दिसत नाही, धुतल्यावर भोकं दिसतात, माझ्या दोन कुर्त्यांचा जीव गेलाय. चष्मा घाल, हातातलं कडं, अंगठी काढून ठेव, धातू दोन टर्मिनलांच्या मध्ये आला तर ते लाल होतं, बोटासकट. आणि बाजूला पाण्याची बादली आधीच भरून ठेव, डोळ्यात उडालं तर नळ शोधत बसायचं नाही, सलग पंधरा मिनिटं पाणी मारायचं आणि मग डॉक्टर. डोळ्यात सोडा-बिडा घालायचा नाही, ते फरशीसाठी.

लष्करचा_पोरगा

काका, ताई, मनापासून आभार. चार्जरचा प्रश्न आहे. एका मित्राकडे कारचा चार्जर आहे, त्याच्यावर 6 आणि 10 अँपियर असे दोनच बटण आहेत. दुसऱ्याकडे नवीन स्मार्टवाला आहे, तो लावला तर लाल दिवा लावून गप्प बसतो, चार्ज सुरूच करत नाही. की बॅटरीच्या दुकानात देऊन येऊ?

हायड्रोमीटरवाले_काका

कारचा नको, 6 अँपियर या पिटुकल्या बॅटरीला म्हणजे उकळून काढणं झालं. स्मार्टवाला गप्प बसतो कारण त्याला व्होल्टेज फार कमी दिसतंय, तो समजतो बॅटरी खराब आहे नाहीतर जोडलेलीच नाही. पाणी भरून काही तास गेल्यावर परत लावून बघ, कधीकधी घेतो.

दुकानात द्यायची तर एक विचारून घे. बरेच दुकानदार रात्री सगळ्या बॅटऱ्या एका माळेत, सिरीजमध्ये जोडतात, मग सगळ्यांतून सारखाच करंट जातो आणि तो ट्रॅक्टर नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या हिशोबाने लावलेला असतो. तुझी 9 एएचची मधे सापडली की सकाळी गरम भट्टी. "बाईकची आहे, वेगळी लावा, एक अँपियरच्या खाली" असं स्वतः उभं राहून सांग. साधा ट्रान्सफॉर्मरवाला छोटा चार्जर, ज्याच्यावर काटा असतो, तो कुणाकडे असेल तर सगळ्यात उत्तम.

पण लष्कर, मला एक वेगळंच खटकतंय. गाडी दिवाळीपासून उभी आहे म्हणतोस. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ते ठीक, महिन्याला काही टक्के आपोआप जातातच, गरमीत आणखी जास्त. पण उभ्या उभ्या, झाकणं बंद असताना, थंडीचे महिने मधे असताना पाणी इतकं खाली जात नाही की प्लेटा उघड्या पडाव्यात. म्हणजे पाणी आधीच गेलेलं होतं, बाबा चालवत होते तेव्हाच. बाबांना विचार: गाडीचे बल्ब वारंवार उडत होते का? आणि बॅटरीच्या आसपास, चेनवर, सायलेन्सरवर कुठे गंज किंवा पांढरे डाग आहेत का?

भोपाळचा_बुलेटप्रेमी

काकांचा प्रश्न बरोबर लागलाय. ओव्हरचार्जिंगचा वास येतोय इथे.

लष्करचा_पोरगा

विचारलं. बाबा म्हणाले ब्रेक लाइटचा बल्ब वर्षात कितीदा बदलला याचा हिशोबच नाही, मिस्त्री दर वेळी "रोड खराब है अंकल" म्हणायचा. आणि बॅटरीखालच्या ट्रेचा रंग पूर्ण गेलाय, गंज चढलाय. व्हेंटची जी बारीक नळी असते ती मधेच दुमडून चेसिस आणि बॅटरीत दाबली गेली होती.

काकांच्याच ओळखीने मोरारच्या एका दुकानात तो काट्याचा जुना चार्जर मिळाला उसना. आज पाणी भरलं, दोनदा भरावं लागलं, खरंच पितात प्लेटा. रात्री लावतोय 0.5 वर.

हायड्रोमीटरवाले_काका

शाब्बास. ती नळी सरळ कर, नाहीतर गॅसला वाट मिळत नाही आणि मग झाकणांतून ॲसिडचे तुषार उडतात, ट्रे खाल्ला तो त्यांनीच. नळीचं तोंड खाली मोकळं सुटलं पाहिजे, चेनवर नाही.

बल्बचं आणि पाण्याचं कारण एकच दिसतंय, रेग्युलेटर. मॅग्नेटमधून येणारी वीज तो आवरून बॅटरीला देतो. गाडीत चार्जिंग साधारण 14 ते 14.5 व्होल्टवर थांबायला पाहिजे. ते 15 च्या वर जायला लागलं की बॅटरी रोज थोडी थोडी उकळते, पाणी उडतं, बल्ब उडतात. आणि लोक काय करतात, बॅटरी बदलतात, वर्षभरात नवीनही सुकते, मग कंपनीला शिव्या.

ते आपण नंतर बघू. आधी ही बॅटरी काय म्हणते ते कळू दे. छोटा हायड्रोमीटर आण, कारवाला मोठा नको, त्याला या खणात पुरेसं पाणीच मिळत नाही. चार्ज संपल्यावर सहाही खणांचं रीडिंग घे, प्लसकडून एक ते सहा असं लिहून ठेव. चांगल्या बॅटरीत 1.260 ते 1.280 यायला पाहिजे. हे आकडे 27 डिग्रीचे आहेत, तुझं ॲसिड 42 वर असेल तर वाचलेल्या आकड्यात साधारण 0.010 मिळव, गरम ॲसिड हलकं दाखवतं.

एमएफ_मोना

मधेच घुसतेय, सॉरी. माझ्या स्कूटीत एमएफ (मेंटेनन्स फ्री) बॅटरी आहे, झाकणंच नाहीत. ती पण अशीच मेलीये. एका व्हिडिओत वरची पट्टी उचकटून रबराच्या टोप्या काढून सिरिंजने पाणी घालताना दाखवलंय. करू का?

किल्ल्याखालची

नको ग. एमएफमध्ये पाणी मोकळं नसतंच, काचेच्या तंतूंच्या पॅडमध्ये ॲसिड शोषून ठेवलेलं असतं, आणि त्या रबराच्या टोप्या म्हणजे प्रेशरचे व्हॉल्व्ह आहेत. एकदा उचकटल्यावर त्या पहिल्यासारख्या बसत नाहीत, मग ती रोज हळूहळू सुकतच राहते. त्यात किती पाणी घालायचं हेही कळत नाही, रेघच नाही. वॉरंटीत असेल तर तीही गेली. आधी गाडीचं चार्जिंग व्होल्टेज बघून घे, आणि बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर बदलून टाक.

एमएफ_मोना

पाच झाली 🙈 बदलते.

लष्करचा_पोरगा

रीडिंग आणलीत. चार्जिंग खूप वेळ चाललं, मधे एकदा दुपारी लाइट गेली होती ते वेगळं. मिळवणी करून आकडे असे आहेत, प्लसकडून: 1.250, 1.245, 1.120, 1.250, 1.240, 1.245. तिसऱ्या खणात शेवटपर्यंत बुडबुडे जवळजवळ नाहीतच, बाकी सगळ्यांत छान येत होते. चार्जर काढून काही तासांनी व्होल्टेज 12.4. मला तर वाटतंय जिंकलो! सेल्फ मारून बघू का गाडीत टाकून?

इंदूरी_जिलबी

अरे वा, माझे शब्द परत घेतो.

हायड्रोमीटरवाले_काका

थांब जिलबी, घाई करू नकोस. लष्कर, पाच सेल, म्हणजे खण, तू खरंच ओढून आणलेस, 1.245 म्हणजे पूर्ण नाही पण बरे आहेत, थोडा सल्फेट कायमचा अडकला असं समज. पण तिसरा बघ. सगळ्यांतून सारखाच करंट गेला, सारखाच वेळ मिळाला, मग तोच 1.120 वर का अडकला? एक तर त्याच्या प्लेटा जास्त उघड्या होत्या, नाहीतर आत शॉर्ट आहे. जुन्या बॅटरीत प्लेटांचा माल झडून तळाशी गाळ साठतो, तो गाळ प्लेटांना खालून टेकला की सेल स्वतःच्या आतच उतरत राहतो.

कसं ओळखायचं: काहीही न जोडता ती तशीच बाजूला ठेव आणि उद्या संध्याकाळी व्होल्टेज बघ. एक चार्ज सेल साधारण 2.1 चा. पाच सेल म्हणजे साडेदहाच्या अलीकडे-पलीकडे. तिसरा नुसता अशक्त असेल तर बारा-सव्वाबारा टिकेल आणि त्याला अजून एकदा चार्ज देऊन बघता येईल. शॉर्ट असेल तर तो आकडा साडेदहाकडे यायला लागेल. मोटारसायकलच्या बॅटरीवर 10.5 दिसला की आम्ही दुकानात झाकण न उघडताच सांगायचो की एक घर (सेल) गेलंय.

सेल्फ मारून बघायचं असेल तर बघ, पण मल्टीमीटर लावून. सेल्फ फिरताना 9.5 च्या खाली गेली तर तिच्यात दम नाही.

लष्करचा_पोरगा

10.8.

काल 12.4, आज संध्याकाळी 10.8, काहीही जोडलेलं नव्हतं. तिसऱ्याची ग्रॅव्हिटी 1.070 वर आलीये, बाकीचे पाच तसेच.

भोपाळचा_बुलेटप्रेमी

गेलं घर. एका सेलसाठी पाच जण बळी. पूर्वी बॅटरीवाले डांबर वितळवून एक-एक सेल बदलायचे, आता सीलबंद प्लास्टिक, त्यामुळे संपला विषय.

हायड्रोमीटरवाले_काका

हो, नवीनच घे. पण घेण्याआधी रेग्युलेटर! आणि तो या मेलेल्या बॅटरीवर तपासू नकोस. सल्फेट चढलेली बॅटरी करंट घेत नाही म्हणून व्होल्टेज उगाच वर दिसू शकतं, आणि सेल शॉर्ट असेल तर उगाच खाली, दोन्हीकडून फसवते. कुणाची तरी धडधाकट 12 व्होल्टची बॅटरी तासाभरासाठी माग, तितक्याच एएचची. ती लावून गाडी सुरू कर, मल्टीमीटरच्या तारा बॅटरीच्या टर्मिनलवरच लाव, हेडलाइट बंद, आणि हळूहळू चार हजार आरपीएमपर्यंत ने. आकडा सांग. गाडी चालू असताना बॅटरीची तार मात्र काढायची नाही, काही लोक "बघू चालते का" म्हणून काढतात, तेव्हा जो व्होल्टेजचा झटका येतो त्याने सीडीआय (इंजिनची ठिणगी सांभाळणारा डबा) आणि बल्ब एकदमच जातात.

लष्करचा_पोरगा

आमच्या गल्लीतल्या एकाची त्याच मॉडेलची गाडी आहे, त्याची बॅटरी मागितली. बंद गाडीत 12.7. सुरू केल्यावर आयडलला 13.6, आणि रेस दिली की चढतच गेलं, 4000 ला 15.7. तिथेच बंद केली, बॅटरी दुसऱ्याची आहे.

हायड्रोमीटरवाले_काका

बघ. सापडला चोर. लगेच नवीन रेग्युलेटर आणू नको, आधी त्याचं कनेक्टर उघडून बघ, पिन हिरव्या पडल्या असतील, अर्थची तार चेसिसला जिथे लागते तिथे गंज असेल. काही रेग्युलेटर एका वेगळ्या तारेने बॅटरीचं व्होल्टेज वाचत असतात, त्या तारेत किंवा अर्थमध्ये सैलपणा आला की त्याला कमी दिसतं आणि तो बिचारा अजून ढकलत राहतो. पिना घासून, बोल्ट काढून पत्रा चकचकीत करून परत बघ. तरीही 15 च्या वर गेलं तर मग बदल.

लष्करचा_पोरगा

पिना घासल्या, अर्थ घासला, 15.5. म्हणजे नाममात्र फरक. नवीन रेग्युलेटर टाकला काल, आता त्याच उसन्या बॅटरीवर 4000 ला 14.3 आणि तिथेच थांबतं, वर कितीही रेस द्या. बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, मल्टीमीटर त्यांच्याच हातात होता, "रोड खराब है अंकल" आठवून स्वतःशीच हसत होते.

आता बॅटरी घ्यायला जातोय. दुकानात दोन प्रकार आहेत म्हणे, पाणीवाली आणि एमएफ, दोन्ही या गाडीत बसतात. आणि जुनी भंगारवाल्याला देऊ का, तो दारावर येतो रोज.

हायड्रोमीटरवाले_काका

भंगारवाल्याला नको. तो ॲसिड नाल्यात ओततो आणि शिसं कुठल्यातरी उघड्या भट्टीवर वितळवतात, त्याचा धूर आसपासची पोरं घेतात. जुनी बॅटरी परत घेणं विक्रेत्यांना 2001 च्या नियमांपासूनच बंधनकारक झालं होतं, 2022 मध्ये नवीन नियम आले त्यात मुख्य जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकलीये. नवीन घेशील तिथेच दे, पैसे पण कापून मिळतील. आणि आतलं ॲसिड "वजन कमी करायला" म्हणून ओतून नेऊ नकोस, जशी आहे तशी, झाकणं लावून, उभी धरून ने. स्कूटरवर पायाशी ठेवणार असशील तर बादलीत ठेव.

पाणीवाली घेतलीस तर ड्राय चार्ज्ड मिळेल, ॲसिड तुझ्यासमोर भरायला लाव. भरल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायची आणि मग कमी करंटवर काही तास पहिलं चार्जिंग. घाईत दुकानदार म्हणेल "ऐसे ही लगा लो, गाडी में चार्ज हो जाएगी", त्याचं ऐकू नकोस, तिथे कंजूसी केली तर पहिल्या दिवसापासूनच ती पूर्ण भरलेली नसते.

किल्ल्याखालची

आणि तू परत गेलास की गाडी उभीच राहणार ना? मग मायनसची तार काढून ठेवायला बाबांना सांग, आणि महिन्यातून एकदा चार्जर. नुसतं पाच मिनिटं सुरू करून बंद केलं तर सेल्फने काढलेलं पण भरून निघत नाही.

एमएफ_मोना

मी एमएफच घेतली बाई, परत पाणी बघायची भानगड नको. लष्कर तू कोणती?

लष्करचा_पोरगा

पाणीवाली. बाबांनी हट्टच धरला, म्हणाले रेघ दिसते ती आण, मला रोज सकाळी बघता येईल. रात्रभर चार्जिंगला ठेवलीये दुकानात, वेगळी, 0.9 वर, काट्याचा फोटो काढून आणलाय.